बिलावर माग लिहा, साहेब

प्रति,
माननीय कुटीर व ग्रामोद्योग मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. इंदूरचं राज्य 1767 ते 1795 इतकी वर्षं चालवणाऱ्या अहिल्याबाई होळकरांची मायबोली हीच होती, आणि आपल्याकडे मराठी वाचणारं कुणीतरी नक्की निघेल.

पंधरा दिवसांपूर्वी नाशिकहून माझी धाकटी बहीण आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. शनिवार-रविवार मोकळे होते, म्हटलं चल महेश्वरला. नर्मदाही होईल, साड्याही होतील. महू सोडून जामघाटाच्या रस्त्यानं गेलो. अहिल्याबाईंनी बांधलेल्या जाम दरवाज्यापाशी थांबून खाली पसरलेलं हिरवंगार निमाड पाहिलं, भाजलेले भुट्टे खाल्ले. नदीला पाणी चढलेलं, गढूळ. नावा बंद होत्या, त्यामुळे पात्रातलं बाणेश्वराचं देऊळ घाटावरूनच हात जोडून पाहिलं.

किल्ल्यातला वाडा पाहून बहीण म्हणाली, "ताई, एवढंसंच?" लाकडी खांबांची बसकी ओसरी, एक गादी, एक पालखी. काशी विश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये पुन्हा उभं करणाऱ्या बाईची बसायची जागा ही. ओसरीतून निघायला आम्हाला अर्धा तास लागला. लिंगार्चनासाठी मातीची इवलाली शिवलिंगं वळण्याचा रिवाज तिथे अजून चालू आहे, हेही तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी साड्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एकाच दुकानाची ही गोष्ट नसावी असा माझा अंदाज आहे. आधी मी नऊवारी महेश्वरी मागितली, आमच्या आईची होती तशी. मुळात महेश्वरी नऊवारीच असायची. काउंटरवरचा मुलगा हसला, "अब कौन पहनता है आंटी!" मग त्यानं सहावारींचा ढीग उलगडला. जांभळी, काठावर लहर, पदरावर पाच पट्टे, सगळं कसं जिथल्या तिथे. "प्युअर हॅन्डलूम?" "एकदम प्युअर." बेचाळीसशे रुपये मोजून मी विहिणीसाठी घेतली. बहीण म्हणत होती उद्या बघू, पण दमलेल्या पायांनी घेतलेली साडी ही अशीच घेतली जाते.

रविवारी सकाळी एका विणकराच्या घरी गेलो. दारातूनच धोट्याची खटखट ऐकू येत होती. चाचा सत्तरीचे असतील. मी मोठ्या हौसेनं पिशवीतली साडी काढून दाखवली. त्यांनी आधी काठ उलटा केला. मागच्या बाजूला दोरे लोंबत होते. "हमारी बुगडी दोनों तरफ से एक जैसी होती है," एवढंच म्हणाले. बुगडी म्हणजे साडीचा काठ. मग पदराच्या टोकाचा एक दोरा माझी परवानगी घेऊन तोडला आणि काडी लावली. महेश्वरीत ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा; बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा. पदराला सुटे राहतात ते ताण्याचे दोरे, म्हणजे रेशीमच असायला हवं. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. आमचा दोरा वितळला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला. चाचांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. काही बोलले नाहीत. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं; आयुष्य इंदुरात काढलं, लग्नाकार्यात महेश्वऱ्याच नेसले, आणि ओळखता आली नाही!

ह्यांचं म्हणणं, दुकानात जाऊन भांडू. मी बिल काढून पाहिलं. त्यावर लिहिलं होतं: "साडी, 1 नग." भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून हे पत्र. माझं मागणं एवढंच आहे: महेश्वरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साडीच्या बिलावर ती हातमागाची की यंत्रमागाची, आणि ताणा कशाचा, बाणा कशाचा, हे लिहिणं बंधनकारक करावं. यंत्रमागाची साडी विकू नका असं मी म्हणत नाही. हजार रुपयांत लेकीला रंगीत साडी घेणाऱ्या बाईची हौस मी का मोडू? पण तिला हजाराची म्हणूनच विका. चाचांच्या मागावर साधी साडी उतरायला तीन-चार दिवस लागतात. शेजारच्या काउंटरवर तशीच दिसणारी साडी 'प्युअर' म्हणून गेली की त्यांचे ते दिवस पाण्यात जातात.

कायदे नाहीत असंही नाही. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली 11 प्रकारची वस्त्रं हातमागासाठी राखीव आहेत, त्यांत साडी आहे. महेश्वरीला भौगोलिक मानांकन आहे. हातमागाचं चिन्ह 2006 पासून आहे. पण घाटावरून ओल्या पायांनी दुकानात शिरलेल्या बाईपाशी यातलं काहीच नसतं. तिच्या हातात फक्त बिल येतं.

होळकरांच्या वंशजांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था काढली, तेव्हा इथले माग बंद पडायला आले होते. ते पुन्हा चालू झाले हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. 2025 मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षं झाली, त्या जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही महेश्वरात झाली. गाव सरकारच्या नजरेत आहे, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

बिलाची छायाप्रत सोबत जोडली आहे. दुकानाच्या नावावर मी कागद चिकटवला आहे. तो काढू नये, ही विनंती. मला एका माणसाला शिक्षा नकोय.

चाचांकडे नऊवारीची मागणी नोंदवून आलेय. गर्भरेशमी हिरवी, काठावर चटई. बिलाबद्दल विचारलं तर त्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडून लिहून दिलं: ताणा रेशीम, बाणा सूत, हात का काम. दिवाळीनंतर आणायला जायचंय.

आपली,
इंदूरची एक गिऱ्हाईक