स्लोव्हाक आणि क्रोएशियन: एक भाषा आली म्हणजे दुसरी येत नाही

महोदय,
‘दोन्ही स्लाव्ह भाषा, म्हणजे एकसारख्याच’ हा समज शिकणाऱ्याला भलत्या वाटेला लावतो. स्लोव्हाक पश्चिम स्लाव्ह गटातली, क्रोएशियन दक्षिण स्लाव्ह गटातली. लिपी दोघींची रोमन. पण स्लोव्हाक वर्णमालेत 46 अक्षरे, क्रोएशियनमध्ये 30. एक कारण असे: स्लोव्हाक दीर्घ स्वरावर खूण देते, क्रोएशियन दीर्घ स्वर उच्चारते, पण रोजच्या लेखनात दाखवत नाही. त्यामुळे छापील मजकुरावरून क्रोएशियन उच्चार शिकू नये, ऐकूनच शिकावा. आघाताचेही, म्हणजे उच्चारातल्या जोराचेही, तसेच. स्लोव्हाकमध्ये तो शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर ठरलेला, क्रोएशियनमध्ये फिरता आणि सुरासकट.

काही बदल मात्र नियमाने होतात, ते आधी पाठ करावेत. स्लोव्हाक ‘ह’च्या जागी क्रोएशियन ‘ग’ येतो: ह्लावा–ग्लावा (डोके), नोहा–नोगा (पाय), ह्लाद–ग्लाद (भूक). हा स्लोव्हाक ‘ह’ आपल्या ‘ह’सारखाच घोषयुक्त (कंठातल्या कंपनासह उच्चारला जाणारा) आहे, मराठी माणसाला तो आयताच मिळतो.

खरी फसगत सारख्या दिसणाऱ्या शब्दांत होते. ‘रोक’ म्हणजे स्लोव्हाकमध्ये वर्ष, क्रोएशियनमध्ये मुदत. ‘स्लोवो’ तिकडे शब्द, इकडे अक्षर. अशा जोड्यांची वही वेगळी ठेवावी.

क्रोएशियनमध्ये संबोधन विभक्ती जिवंत आहे. भावाला हाक मारताना ‘ब्रात’चे ‘ब्राते’ होते. स्लोव्हाकमध्ये ती मोजक्या शब्दांपुरती उरली आहे. महिन्यांची नावे तर सर्वस्वी निराळी: स्लोव्हाक ‘ऑक्टोबर’ला क्रोएशियन ‘लिस्तोपाद’, म्हणजे पानगळ, म्हणते.

– एक भाषा-अभ्यासक