मागच्या सीटवर पोरं चढवायची कुठून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या शनिवारच्या गाड्यांच्या पानावर टू-डोअर गाड्यांबद्दल जो लेख आला होता त्यात शेवटी एका ओळीत ‘चार जणांच्या कुटुंबालाही चालेल’ असं लिहून लेखक मोकळे झालेत, आणि नेमक्या त्याच ओळीवरून आमच्या माहेरी सध्या रोज वाजतंय, म्हणून हे पत्र. माझ्या धाकट्या भावाला गाडी घ्यायचीये, पहिलीच गाडी, मुलगी ज्युनियर केजीत आणि मुलगा अजून वर्षाचा पण नाही, आणि साहेबांच्या डोक्यात दोन दारांची गाडी बसलीये. त्याने तो पेपर भावजयीच्या पुढ्यात टाकला, हे बघ, छापून आलंय म्हणे. छापून आलेलं खरं मानणारी माणसं अजून आहेत बरं का, तेव्हा जरा जपून लिहा.

आधीच सांगते, मला टू-डोअर गाड्यांचा राग नाही. दिसायला एक नंबर असतात. आणि भावाचं म्हणणं पण अगदीच फेकण्यासारखं नाहीये, तो म्हणतो मुंबईत गाडी जेवढी छोटी तेवढं डोकं शांत, आणि त्याने एमजी कॉमेट या दोन दारांच्या छोट्या गाडीचे आकडे पाठ करून ठेवलेत, लांबी २९७४ मिलिमीटर म्हणजे तीन मीटरच्या पण आत, वळायला ४.२ मीटरची त्रिज्या, स्टेशनजवळच्या गल्लीत जिथे बाकीचे पुढे-मागे पुढे-मागे करत घामाघूम होतात तिथे ही गाडी झटक्यात वळते. मान्य. चार माणसं आत मावतात हेही मान्य. माझा मुद्दा मावण्याचा नाहीच, चढण्या-उतरण्याचा आहे, आणि लहान मुलं असलेल्या घरात दिवसभर काय चालतं तर चढणं आणि उतरणंच चालतं. गाडीत बसून आरामात प्रवास वगैरे लोणावळ्याला जाताना. रोजचं काय असतं, पाळणाघर, शाळा, डॉक्टर, आजीकडे, परत घर.

दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, कारण त्याच एका दारातून मागच्यांनाही जायचं असतं. लांब दार उघडायला बाजूला जागा लागते. आता आपल्या सोसायट्यांमधली पार्किंग बघा, मुंबईच्या नियमावलीत छोट्या गाडीसाठीची जागा २.३ बाय ४.५ मीटरची धरलेली आहे. महिंद्राची दोन दारांची थार १८२० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे उरले ४८ सेंटिमीटर, दोन्ही बाजू मिळून. शेजारी पण तेवढीच रुंद गाडी अगदी मधोमध उभी असेल (कधीच नसते) तर दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम दीड फूट. त्यात ते लांबलचक दार किती उघडणार, आणि त्या फटीतून पुढची सीट वाकवून तुम्ही कडेवरच्या बाळाला मागे कसं बसवणार? कॉमेट १५०५ मिलिमीटरचीच आहे, तिथे तिला खरंच फायदा आहे, हे मी भावालाही सांगितलंय. पण एका बाजूला खांब असला की तोही फायदा गेला, आणि आमच्याकडच्या पार्किंगमध्ये खांब नसलेली जागा मिळणं म्हणजे लॉटरी.

माझ्या नणंदेकडे अशीच एक दोन दारांची गाडी आहे, कुठली ते सांगत नाही, उगाच कंपनीवाल्यांना वाईट वाटायला नको. कांदिवलीला त्यांच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये पोरांना गाडीत बसवताच येत नाही. मग ती काय करते, पोरांना वॉचमनच्या केबिनपाशी उभं करते, एकटी गाडी बाहेर काढते, गेटच्या बाहेर रस्त्यावर डावीकडे लावते, इंडिकेटर चालू, मागून रिक्षावाले हॉर्न मारतायत, आणि मग खरा कार्यक्रम सुरू. पुढच्या सीटची पाठ वाकवायची, सीट पुढे सरकवायची. सीटबेल्टचा पट्टा मात्र तिथेच राहतो, तो दारामागच्या गाडीच्याच खांबापासून सीटपर्यंत बरोब्बर वाटेत आडवा, मोठा मुलगा हमखास त्यात पाय अडकवतो. मग ती स्वतः एक गुडघा दाराच्या उंबरठ्यावर टेकवून, डोकं छताला लागू न देता, अर्धी आत अर्धी बाहेर, छोटीला चाइल्ड सीटमध्ये बसवते आणि क्लिप शोधते, ती क्लिप नेहमी फ्रॉकच्या खाली गेलेली असते. दहा-अकरा किलोचं पोर हात लांब करून, कमरेतून वाकून आणि वर अंग वळवून ठेवायचं, करून बघा एकदा. पावसाळ्यात हे सगळं पाठ भिजत. तिची कंबर गेली ती गाडीमुळेच असं मी म्हणणार नाही, पण ती स्वतः म्हणते.

आणि हे दोन मोठी माणसं बरोबर असताना ठीक, एकजण पोरं धरतो एकजण बसवतो. प्रश्न येतो एकटी आई किंवा एकटा बाबा असताना, आणि आजकाल बहुतेक वेळा एकच जण असतो. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, फुटपाथ डावीकडे, म्हणजे पोरांनी डावीकडूनच उतरलं पाहिजे. चार दारांच्या गाडीत शाळेच्या गेटसमोर थांबलं की मागचं डावं दार उघडतं, पोरगं दप्तरासकट फुटपाथवर, टाटा बाय बाय, गाडी पुढे. दोन दारांच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर कोणी असेल तर आधी त्याने उतरायचं. आमच्या माहेरी तिथे आई बसणार, तिचे दोन्ही गुडघे दुखतात, ती नातीला शाळेत सोडायला हौसेने जाते, आता तिने रोज गेटसमोर उतरायचं, बाजूला व्हायचं, नात बाहेर येईपर्यंत दार धरून उभं राहायचं आणि परत चढायचं, मागे गाड्यांची रांग. दोन दिवसांत म्हणेल मी नाही येत बाबा. उंच गाडी असेल तर विचारूच नका.

भाऊ म्हणतो की मागे दारच नाही म्हणजे पोरं चालत्या गाडीत दार उघडणार नाहीत, किती सेफ. हा मुद्दा बऱ्याच जणांकडून ऐकलाय. अरे पण त्यासाठी चार दारांच्या गाडीत चाइल्ड लॉक असतो ना. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसतो असा बारीकसा खटका, एकदा फिरवला की दार फक्त बाहेरून उघडतं. कितीतरी लोकांना गाडी घेऊन वर्षं झाली तरी तो माहीतच नसतो ही वेगळी गोष्ट.

सेफ्टीचं निघालंच आहे तर मला खरी भीती वेगळीच वाटते. मागे चढणं कटकटीचं झालं की माणूस पळवाट काढतो. जवळच तर जायचंय, बस माझ्या मांडीवर पुढेच. नणंदेच्याच नाही, अशी गाडी असलेल्या बऱ्याच घरांत मी हे बघितलंय, आणि चार दारांच्या गाडीतही लोक करतात नाही असं नाही, पण दोन दारांच्या गाडीत मोह जास्त. पुढच्या सीटवर मांडीवरचं मूल म्हणजे एअरबॅग उघडली तर ती थेट त्याच्यावरच. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर चालू एअरबॅगच्या समोर कधीच लावायची नसते. कायदा पण आहे, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. पहिले काही दिवस सगळे मागे हात घालून सीटच्या फटीतून क्लिपा शोधत होते, आता परत पहिल्यासारखं. तर सांगायचं काय, जी गाडी नियम पाळणं अवघड करते ती घरात लहान पोरं असताना घेऊ नये. थारला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, २०२० मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी ४ स्टार दिलेत, चांगलेच आहेत, पण ते स्टार मूल मागे सीटमध्ये नीट बांधलेलं असेल तर. मांडीवर बसलेल्याला ते स्टार लागू नाहीत.

अजून एक, हे मुंबईबाहेरच्या माणसाला कदाचित पटणार नाही. २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना गाडीत अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्या दिवशी काही माणसं बंद गाडीत गुदमरून गेली, दारं उघडेनात, काचा खाली होईनात. आजही जरा जोर धरला की अंधेरी सबवे बंद, मिलन सबवेची तीच गत. आता दोन दारांच्या गाडीत मागे बसलेल्याचा विचार करा. कॉमेटच्या मागच्या काचा उघडत नाहीत, फिक्स आहेत. म्हणजे मागच्या मुलाला बाहेर यायचं तर पुढचा माणूस बाहेर पडला पाहिजे, त्याने सीट वाकवली पाहिजे, मुलाचा बेल्ट सोडवला पाहिजे. एरवी ठीक, पण घाईच्या वेळी ही तीन कामं तीन वाटत नाहीत. असं रोज होत नाही, माहितीये. पण पाऊस दरवर्षी येतो.

आणि गंमत म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांना हे कधीच कळलंय, फक्त आमच्या भावाला कळायचंय. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा जपानात सुझुकीच्या त्या गाडीची दोन रूपं होती, दोन दारांची आल्टो आणि चार दारांची फ्रॉन्टे, आपल्याकडे आली ती फ्रॉन्टेवरून केलेली, चार दारांची. सहा-सात जण कोंबून गावी जाणाऱ्यांच्या देशात दुसरं काय चाललं असतं. टाटांनी १९९१ मध्ये दोन दारांची सिएरा काढली, मागे भल्यामोठ्या फिक्स काचा, रस्त्यावर दिसली की लोक वळून बघायचे आणि घ्यायचे मात्र दुसरीच. आता नवीन सिएरा आलीये ती चार दारांची. मारुतीने जिमनी २०२३ मध्ये भारतात आणली तीच मुळी चार दारांची करून, थारची चार दारांची रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली, फोर्सची गुरखाही त्याच वर्षी लांब होऊन चार दारांची मिळायला लागली. युरोपात तर दोन दारांच्या छोट्या गाड्या घरोघरी होत्या, तिथेही रेनॉ क्लिओने २०१२ ला, फोक्सवॅगन पोलोने २०१७ ला आणि गोल्फने २०१९ ला नवीन मॉडेल काढताना मागची दारं सक्तीचीच करून टाकली, दोन दारांचा पर्यायच ठेवला नाही. लोक पैसे देऊन जे घेत नाहीत ते कंपन्या बनवत नाहीत, सरळ हिशेब आहे.

मग घ्यावी कोणी? नवरा-बायकोच असतील त्यांनी खुशाल घ्यावी. पोरं दहा-बारा वर्षांची झाली, स्वतः सीट वाकवून आत उडी मारतात, त्यांनीही घ्यावी, त्यांना उलट मजा येते. घरात एक चार दारांची आहे आणि ही ऑफिसला जायला दुसरी, तरीही हरकत नाही, जागा मिळाली तर, मुंबईत एका गाडीला जागा मिळत नाही तिथे दुसरीचं काय बोलायचं. पण घरातली एकुलती एक गाडी, पोरं पाचच्या आतली, आणि बरोबर आई-वडील, या हिशेबात ती बसत नाही. निदान मुंबईत तरी. मोठं अंगण आणि नोकर-चाकर असलेल्यांचं मला माहीत नाही.

म्हणून तुमच्या गाड्यांच्या पानाला एक विनंती. तुमचे लेखक गाडी घाटात नेतात, शून्य ते शंभर किती सेकंदात जाते ते मोजतात, शंभरचा स्पीड मुंबईत कुठे मिळतो देव जाणे. त्यापेक्षा एकदा गाडी एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये लावून दाखवा. दार किती इंच उघडतं ते टेप लावून मोजा. एक चाइल्ड सीट विकत किंवा उसनी आणा आणि ती मागे लावून त्यात खरं मूल बसवा, बाहुली नको, बाहुली हातपाय झाडत नाही. पुढची सीट वाकवायचा खटका मागे बसलेल्याच्या हाताला लागतो का, मागच्या काचा उघडतात का, एसीची हवा मागे पोचते का, आणि डिकीत बाबागाडी मावते का, हे लिहा. कॉमेटमध्ये मागची सीट वर असताना डिकी जवळजवळ नाहीच, हे तुमच्या लेखात ‘मर्यादित बूटस्पेस’ या दोन शब्दांत आटपलंय. बाबागाडी, डायपरची बॅग, पाण्याच्या बाटल्या, आजीची पिशवी, हे सगळं मग मांडीवर.

भाऊ येत्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह घेणार आहे. त्याला सांगितलंय, शोरूमच्या मोकळ्या जागेत बघू नको, गाडी घरी मागव, आपल्या खांबाशेजारच्या जागेत लाव, आणि दोन्ही पोरांना तू एकट्याने आत बसव, बायको गॅलरीतून बघेल. तो हो म्हणालाय. तुमच्या लेखकांना यायचं असेल तर त्यांनीही या, चहा आमच्याकडे.

आपली,
एक नियमित वाचक, मुलुंड (पूर्व)