मी शिकवत नाही, मग करते काय

ती. बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

‘लेक अमेरिकेत कॉलेजात शिकवते का?’ या दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला नेमके उत्तर देता आले नाही, असे तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते. मी शिकवत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांनी कोणते विषय, कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे त्यांच्याशेजारी बसून ठरवायला मदत करते. इथल्या पदवीला साधारण १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराची एकके, लागतात आणि विषयांची साखळी असते. गणितातल्या कॅल्क्युलसचा पहिला भाग उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि दुसरा राहिला की अभियांत्रिकीचे पुढचे विषय अडतात.

मंगळवारी भारतातून आलेला एक मुलगा गणित सोडायचा अर्ज भरूनच आला. सोडले असते तर त्याची या सत्रातली १२ क्रेडिटची ९ झाली असती, आणि विद्यार्थी व्हिसावर असताना पूर्वपरवानगीवाचून १२च्या खाली जाता येत नाही, हे त्याच्या गावीही नव्हते. मी कोऱ्या कागदावर सत्रांचे चौकोन काढून बाणांनी जोडले. तो पेनाचे टोपण काढत-घालत बसला होता. ‘अभियांत्रिकी कुणी ठरवली?’ असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘घरच्यांनी.’ त्यावर मी काही सुचवले नाही. गणिताच्या शिकवणीची वेळ ठरवून दिली आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगितले.

त्याच्या वडिलांनी गुण विचारले होते, पण विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या इथल्या १९७४च्या कायद्यानुसार ते मुलाच्या लेखी संमतीवाचून मला कळवता येत नाहीत. हे तुम्हाला कठोर वाटेल. पहिले वर्षभर मलाही वाटले. आता पटते, कारण बोललेले घरी जाणार नाही या भरवशावरच ही मुले माझ्यापाशी मोकळी होतात. खंत वेळेची आहे: तीनशेंवर विद्यार्थी, आणि एकेकाला जेमतेम अर्धा तास.

ताईच्या मुलाने मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा, विषय मित्रांचे पाहून निवडला, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तिकडेही तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट झाली आहेत, पण त्याला ती समजावून सांगणारे कुणी भेटलेले दिसत नाही. तुम्ही संध्याकाळी सुरसागर तलावावर जाता, तेव्हा त्याला बरोबर न्या. विषय तुम्ही सुचवू नका. सगळी सत्रे त्यालाच कागदावर मांडू द्या. मात्र विषय बदलण्याची मुदत कधी संपते, ते आधी विचारून घ्या.

आईस नमस्कार.

तुमची लेक