शंभर शब्दांच्या त्या गोष्टींबद्दल

संगमनेर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही शतशब्दकथा वाचल्या. सोबत तू लिहिलं होतंस, ‘दोन्ही विड्या वळणाऱ्या बायकांवर, दोन्ही रडवणाऱ्या, एका मिनिटात वाचून होतात. यात एवढं काय?’ फोनवर सांगायला गेले असते तर निम्म्यात तुझी मीटिंग लागली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या दोन्ही सारख्या नाहीत रे. पहिल्या गोष्टीतली बाई खोकते, रक्त पडतं, तरी मुलाच्या फीसाठी वळत राहते, आणि शेवटच्या ओळीत त्याच मुलाच्या हातात पेटलेली विडी दिसते. धक्का बसतो, खरं आहे. पण पुन्हा एकदा वाच. आता हाताला काहीच लागत नाही, कारण सगळा जीव त्या एका ओळीत होता आणि ती तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. शिवाय ही बाई कोरडी पानं घेऊन बसते आणि जेवणवेळेपर्यंत हजार विड्या उरकते! टेंभुर्णीची पानं आधी भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याचा साचा धरून एकेक पान कात्रीने कापायचं, तेव्हा कुठे सूप मांडीवर येतं. चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हजार विड्या म्हणजे पहाटेपासून दिवे लागेपर्यंतचा दिवस, तोही पानं कापायला घरातली एखादी पोर हाताशी असली तर. आमच्या घरात ती पोर मी होते. ज्याला काम ठाऊक नसतं, तो लिहिणारा लगेच दुःखाकडे धावतो, असं माझं मत झालं आहे.

आता दुसरी गोष्ट. बाई विड्या घेऊन कारखान्यात जाते. तपासणारा मुठीने उचलतो, पाहतो, काही बाजूला टाकतो. ती त्याच्या हाताकडे पाहत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहते. परतताना वाण्याकडे पावशेर तेल मागते. वाणी मुकाट्याने मोजून देतो. घरी पोरगी विचारते, ‘आई, आज किती?’ आई म्हणते, ‘हजार.’ एवढंच. गोष्ट संपली.

तुला वाटलं असेल, अरे, पुढे काय? मला मात्र त्या ‘हजार’पाशी थांबावं लागलं. तपासणाऱ्याने बाजूला टाकल्या त्या विड्यांना छाट म्हणतात. छाटेचे पैसे मिळत नाहीत. मजुरी दर हजार विड्यांमागे ठरलेली, म्हणजे दिवसभर बसून वळलेल्यातलं काही एका मुठीत वजा होतं, आणि ते डोळ्यांदेखत. छाट किती निघाली, हे लेखकाने सांगितलेलं नाही. सांगायची गरजच ठेवली नाही, कारण तेल सांगतं. वाणी ‘आज एवढंच?’ असं विचारत नाही, याचा अर्थ हे त्याला नवं नाही. अख्खं गाव कुणाच्या घरी काय चाललंय ते जाणून आहे आणि बोलत नाही. लहान गावातली ही माया आणि ही लाजही, दोन्ही त्या एका न विचारलेल्या प्रश्नात बसली आहेत. आणि दुसऱ्यांदा वाचताना कळतं की तेल मागतानाच तिने घरी काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं. ही गोष्ट मी परत परत वाचली आणि प्रत्येक वेळी ती मला थोडी मोठीच वाटली.

रशियन कथाकार चेकॉव्ह तुला ठाऊक आहे. मॉस्कोत डॉक्टरकी शिकताना घर चालवण्यासाठी तो पीटर्सबर्गच्या एका विनोदी साप्ताहिकात लिहायचा आणि तिथे त्याला साधारण शंभर ओळींची मर्यादा होती. तिथे त्याचा हात आवरता झाला. पुढे 1892 मध्ये त्याने एका लेखिकेला पत्रातून सांगितलं, की दुःखी माणसांबद्दल लिहिताना वाचकाला कळवळा यावा असं वाटत असेल, तर आपण स्वतः जरा कोरडं राहावं. त्या कोरड्या पार्श्वभूमीवर त्यांचं दुःख अधिक उठून दिसतं. पहिल्या गोष्टीचा लेखक स्वतःच रडतो, मग आपल्यासाठी काम उरत नाही. दुसरा रडत नाही. ती बाई कॅलेंडरकडे पाहते म्हणून आपण तिच्याकडे पाहतो.

एक तक्रार मात्र दुसऱ्या गोष्टीबद्दलही आहे. अशा कथांमधल्या बायका नुसत्या सोसतात. तुझी आजी सोसायची, पण छाट जास्त काढली की तिथेच वाद घालायची, संघटनेची पावती जपून ठेवायची, मोर्चात पुढे असायची. विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा झाला, 1976 मध्ये कल्याण निधीचा झाला; त्या निधीच्या शिष्यवृत्तीतून माझी शाळेची पुस्तकं आली. आणि दुपारी ओट्यावर चारजणी सुपं घेऊन बसल्या की काय हसायच्या! कष्टाच्या आयुष्यात हसणं, भांडणं, हिशेब ठेवणं हे सगळं असतं. शंभर शब्दांत सगळं मावणार नाही, कबूल. पण कधीतरी कुणी त्या भांडणाचीही गोष्ट लिहावी, एवढ्याच ताकदीने.

केरळात कण्णूरकडे विडी कामगार एकेकाळी आपल्यातल्याच एकाला वाचक नेमायचे. तो मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा, कथा-कादंबऱ्या वाचायचा, बाकीचे ऐकत विड्या वळायचे आणि त्याच्या वाटच्याही वळून द्यायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार हेवा वाटला. आमच्या ओट्यावर असं कुणी वाचून दाखवलं असतं तर आजीने किती ऐकलं असतं, याचा अंदाज मला आहे. तिला अजूनही अक्षर येत नाही, पण गोष्ट कुठे खोटी आहे ते लगेच समजतं.

म्हणून दिवाळीला येशील तेव्हा तिला दोन्ही वाचून दाखव. आधी कोणती, ते तू ठरव. कोणती चांगली हे तिला सांगू नकोस, आणि वाचताना आवाजात रडं आणू नकोस. हल्ली तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा उजव्या बाजूला बस. मध्येच थांबवून ती पानं कुठली होती, छाट किती टाकली, असं काहीबाही विचारेल. गोष्टीत नसलेलं मनाने सांगू नकोस. ‘लिहिलेलं नाही’ असंच सांग आणि मग ती स्वतः काय भर घालते ते नीट ऐक, जमलं तर लिहून घे.

येताना या गोष्टींचा सगळा संग्रह छापून आण. मोबाइलवर माझे डोळे दुखतात.

तुझी,
आई