पाठकोऱ्या कागदांबद्दल

आदरणीय जिभाऊ,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयात समोर उभं राहून आभार मानले असते, तर 'काय वहिनी, चहा घ्या' म्हणून तुम्ही विषय उडवून लावला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

अमळनेरात मला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. मी 'सरांच्या मिसेस'. ह्यांच्या प्रत्येक कादंबरीची मुद्रणप्रत मी केली, प्रुफं तपासली, ऱ्हस्व-दीर्घावरून प्रकाशकाशी भांडलेही मीच. जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहायचे, कधी कधी दुसरंही काही. खापरावर मांडे टाकणाऱ्या माझ्या आजीबद्दलची तसली सहा पानं परत केलेल्या पुस्तकात राहून गेली.

दुसरा कुणी असता तर छापील बाजू बघून 'सरांचे कागद' म्हणून ह्यांच्याच हाती देता. तुम्ही कागद उलटून वाचलात, आणि मी येईपर्यंत अकरा दिवस टेबलाच्या खणात ठेवलेत. मग हळूच, "वहिनी, हाई तुमनंच शे ना?" चोरी पकडल्यासारखं झालं मला. लगेच दुसरा प्रश्न, "पुढचं कुठाय?" पुढचं नव्हतंच.

आठवड्याने तुम्ही 'स्मृतिचित्रे' दिलंत. शाळेत धडा होता तेवढाच मी वाचलेला. लक्ष्मीबाई टिळक लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नवरा नावाजलेला कवी. आपल्या धरणगावच्या बालकवींना याच बाईने पोटच्या पोरासारखं सांभाळलं. रेव्हरंड टिळक १९१९मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिने पुरं केलं, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४मध्ये. हे सगळं मोठंच आहे. मी मात्र अडले ते वेगळ्याच जागी. ती नवऱ्याला हसते हो! माया पातळ न होऊ देता, पण हसते. असं लिहिलेलं चालतं, हे मला माहीतच नव्हतं.

ह्यांच्याबद्दल कागाळी नाही. 'लिहू नकोस' असं हे कधी म्हणाले नाहीत. काय लिहितेस, असंही कधी विचारलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तीन दिवस मी घरी उतरलेल्या लेखकांना कळण्याची भाकरी नि भरीत वाढत होते. मंडपात पाय ठेवला नाही. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही ग्रंथप्रदर्शनातली पिशवी घेऊन मागच्या दाराने आलात. आत दोनशे पानी कोरी वही.

पुढे दुपारी साडेबारा ते दोन खिडकीजवळचं टेबल माझं झालं. स्पर्धा परीक्षेची पोरं आली की तुम्ही सांगायचात, तिथला पंखा बिघडलाय. पंखा चांगला फिरत होता, जिभाऊ. त्या पोरांची मी माफी मागते.

आता पुस्तक छापून आलंय. या वेळी प्रुफं ह्यांनी तपासली (दोन चुका राहिल्याच). तुम्ही दाखल नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात माझं नाव 'सौ.' न लावता लिहिलंत, आणि थांबून विचारलंत, आडनाव सासरचं की माहेरचं?

अजून ठरत नाहीये. तेवढं पेन्सिलीने ठेवा.

तुमची,
वहिनी