वही दिसली नाही, तर भागाकार शिकवायचा कसा?

महोदय,
पावसाने शाळा बंद राहिली की ‘ऑनलाइन वर्ग घ्या’ असा निरोप येतो. चौथीचे गणित त्यात कुठे अडते, ते पाहा. ६१२ भागिले ६. पहिले ६ गेले, १ खाली घेतला. त्यात ६ जात नाहीत, म्हणून वर शून्य मांडायचे. मूल ते विसरते, २ खाली ओढते आणि उत्तर लिहिते १२. वर्गात बाकांमधून फिरताना चूक पेन्सिल टेकतानाच दिसते, तिथल्या तिथे बोट ठेवता येते. ग्रुपवर मात्र संध्याकाळी फोटो येतो: १२, नाहीतर ताईच्या वळणदार अक्षरात १०२!

चाळीस मुलांचा तासभर कॉल हा हजेरीपुरताच. त्यापेक्षा पाच-सहा मुलांचे गट करून वीस-वीस मिनिटे घ्यावीत. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फोन आडवा ठेवून मागचा कॅमेरा वहीवर रोखावा, चेहरा नाही दिसला तरी चालेल. उत्तराचा ताळा मुलाकडूनच करून घ्यावा: १२ गुणिले ६ म्हणजे ७२, ६१२ नव्हे. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर त्या मुलासाठी गट रात्री आठनंतरच ठेवावा लागेल.

– एक प्राथमिक शिक्षिका