चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आली की प्राथमिक शाळेत पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. ही सवय मोडायलाच हवी. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा होतो, तेव्हा मुलांचे चेहरे बघावेत! मातीचा हत्ती सोंडेच्या भाराने पुढे कलंडतो. मग मूल त्याचे पाय जाड करते, पुन्हा उभा करून बघते. तोल म्हणजे काय, हे त्याला फळ्यावर वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र सगळ्या वर्गाला एकच छापील चित्र रंगवायला देणे म्हणजे कलाशिक्षण नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ नुसार कलेत सहभागी होणे हा मुलांचा हक्क आहे. आणि पालकांनीही प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांचे प्रकल्प स्वतः करून देणे थांबवावे.

– एक पालक